ऑर्डरचा फॉर्म भरला, मग ती माहिती जाते कुठे?

छोट्या कंपन्यांच्या वेबसाइटवरचं गोपनीयता धोरण बहुतेक वेळा साइट बनवणाऱ्याने दुसरीकडून उचलून आणलेलं असतं. ते ओळखू येतं. मध्येच कॅलिफोर्नियाच्या कायद्याचा उल्लेख येतो, एखाद्या परिच्छेदात भलत्याच कंपनीचं नाव राहून गेलेलं असतं, आणि ज्या पानावर 'तुमची माहिती आम्ही कधीही कोणालाही देत नाही' असं ठणकावून लिहिलंय त्याच पानावर फेसबुकचा पिक्सेल (पाहुण्याची माहिती फेसबुककडे पाठवणारा कोडचा तुकडा) चालू असतो. असलं धोरण नसलेलं परवडलं, कारण ते लेखी खोटं आहे. खरं धोरण लिहायचं तर आधी गिऱ्हाइकाच्या माहितीच्या मागे मागे चालत जावं लागतं आणि ती कुठे कुठे थांबते ते बघावं लागतं. लिखाणाचं काम शेवटचं, आणि ते तासाभरात होतं.

उदाहरण म्हणून देवगडहून हापूसच्या पेट्या थेट घरपोच पाठवणारी कंपनी घेऊ. ऑफिसात दोन-तीन माणसं, हंगामात पॅकिंगला जास्तीची माणसं, वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) आणि वूकॉमर्स (त्यावरचं दुकानाचं प्लगइन) यांवर साइट, पैशांसाठी पेमेंट गेटवे, पुण्या-मुंबईला पोचवायला टेम्पो किंवा कुरियर. होमस्टे असो, क्लास असो की पैठणीचं दुकान, सांगाडा साधारण हाच.

फॉर्म भरायच्या आधीच

ठाण्यातल्या कोणीतरी फोनवर साइट उघडली. अजून एक अक्षरही टाइप केलेलं नाही, तरी सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये एक ओळ पडली. तिच्यात आयपी पत्ता (इंटरनेटवरच्या जोडणीचा आकडी पत्ता), सेकंदापर्यंतची वेळ, कोणतं पान मागितलं, ते मिळालं का (२०० म्हणजे मिळालं, ४०४ म्हणजे नाही), किती बाइट गेले, आधी कोणत्या पानावर होता आणि कोणता ब्राउझर वापरतोय हे सगळं असतं. 'आमच्या साइटवर नुसतं फिरणाऱ्यांची आम्ही काहीच माहिती घेत नाही' हे वाक्य म्हणूनच जवळजवळ नेहमी चुकीचं असतं.

आयपी पत्ता ही वैयक्तिक माहिती का? युरोपच्या न्यायालयाने २०१६ मध्ये एका जर्मन खटल्यात सांगितलं की साइट चालवणाऱ्याकडे त्या पत्त्यामागचा माणूस शोधण्याचा कायदेशीर मार्ग असेल, तर बदलता आयपी पत्तासुद्धा वैयक्तिक माहितीच. आपल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मधली व्याख्याही रुंद आहे: ज्या माहितीवरून किंवा जिच्या संदर्भाने माणूस ओळखता येतो ती वैयक्तिक माहिती. मोबाइल कंपन्या एकाच आयपीमागे पुष्कळ गिऱ्हाइकं बसवतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून तुम्हाला माणूस सापडणार नाही. मोबाइल कंपनीला सापडू शकतो. तेव्हा ती वैयक्तिक माहिती धरून चालणंच शहाणपणाचं.

आता गंमत अशी की हा लॉग लगेच पुसून टाकणं हेही उत्तर नाही. सर्ट-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. वर सांगितलेल्या २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यांत ही मुदत किमान एक वर्ष आहे. उबंटूच्या सर्व्हरवर एनजिनएक्स (पानं पुरवणारं सॉफ्टवेअर) जसं येतं तसंच चालू ठेवलं तर लॉगची फाइल रोज बदलते आणि जुन्या १४ फायली राहतात. म्हणजे हातात असतात दोनच आठवडे. शेअर्ड होस्टिंगवर काय परिस्थिती आहे ते होस्टिंगवाल्याला लेखी विचारून घ्यावं. या फायली फिरवणाऱ्या लॉगरोटेटच्या सेटिंगमध्ये १४ चे ३६५ करायला मिनिटही लागत नाही, आणि कॉम्प्रेस केलेले लॉग फारशी जागा खात नाहीत. एक वर्षानंतर मात्र ते आपोआप गेलेच पाहिजेत, आणि तोवर ते वाचायचा अधिकार एका-दोघांनाच हवा. जाहिरातीचं काम बघणाऱ्याला लॉगची गरज नसते.

इथे आणखी एक गोष्ट हमखास निसटते. साइटच्या पुढे क्लाउडफ्लेअरसारखी सेवा (पाहुणे आधी तिच्याकडे येतात, मग तुमच्या सर्व्हरकडे) लावलेली असली की लॉगमध्ये पाहुण्याचा नाही, क्लाउडफ्लेअरचाच आयपी पडत राहतो. खरा पत्ता वेगळ्या हेडरमध्ये येतो आणि तो वाचायला सर्व्हरला सांगावं लागतं. वर्षभर निगुतीने सांभाळलेला लॉग ऐन चौकशीच्या वेळी निरुपयोगी निघतो तो यामुळे.

पानावर आणखी कोण कोण बसलंय

हे बघायला तज्ज्ञ लागत नाही. लॅपटॉपवर क्रोमची इन्कॉग्निटो खिडकी उघडा, एफ-१२ दाबा, नेटवर्कचा टॅब निवडा, 'थर्ड-पार्टी रिक्वेस्ट्स'च्या चौकोनात खूण करा आणि साइट उघडा. खाली जी यादी धावते ती तुमच्या गिऱ्हाइकाचा आयपी पत्ता कोणाकोणाला मिळाला याची यादी आहे. फॉन्ट गूगलकडून, नकाशा गूगलकडून, व्हिडिओ यूट्यूबवरून, गप्पांचा गोल बुडबुडा तिसऱ्याच कुणाकडून, पिक्सेल मेटाकडून, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीकडून. दोन हंगामांपूर्वी बंद केलेल्या जाहिरातीचा पिक्सेल अजून जिवंत असणं ही तर नेहमीचीच गोष्ट. कोणी बघत नाही, पण माहिती जात राहते.

फॉन्टची गोष्ट किरकोळ वाटेल. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने एका साइटमालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली, कारण गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट ओढताना पाहुण्याचा आयपी पत्ता संमतीशिवाय गूगलकडे गेला होता. रक्कम छोटी, पण मुद्दा बरोबर आहे, आणि उपायही फुकट आहे. मुक्तासारखा खुल्या परवान्याचा देवनागरी फॉन्ट उतरवून आपल्याच सर्व्हरवर ठेवायचा. नकाशाऐवजी नकाशाचं चित्र आणि खाली लिंक. व्हिडिओच्या जागी आधी नुसतं चित्र दाखवायचं, त्यावर बोट लावल्यावरच यूट्यूब उघडेल असं करायचं. पान झटपट उघडतं हा फायदा वेगळाच.

गूगल ॲनालिटिक्सची सध्याची आवृत्ती आयपी पत्ते साठवत नाही आणि माणसागणिक माहिती मुळात २ महिनेच ठेवते. सेटिंगमध्ये ती मुदत १४ महिने करता येते, आणि बरेच सल्लागार पहिल्याच दिवशी ती करून टाकतात. आंब्याच्या कंपनीला गेल्या हंगामाशी तुलना हवी असते हे खरं, पण एकूण आकड्यांचे नेहमीचे अहवाल या मुदतीमुळे जात नाहीत. २ महिने पुरतात.

संमतीच्या पट्टीबद्दल, म्हणजे त्या 'कुकीज स्वीकारा' म्हणणाऱ्या डब्याबद्दल, माझं मत थोडं कडवट आहे. पाहिलेल्या बहुतेक पट्ट्या शोभेच्या असतात. पट्टी वर दिसते तेव्हा खाली पिक्सेल कधीच चालून गेलेला असतो. तपासायची रीत वरचीच: नवी इन्कॉग्निटो खिडकी उघडायची, पट्टीवर काहीही न दाबता नेटवर्कचा टॅब बघायचा, मग ॲप्लिकेशनच्या टॅबमध्ये कुकीज बघायच्या. होकार देण्याआधीच तिथे मेटा किंवा जाहिरातवाल्यांची नावं दिसली तर पट्टी खोटी आहे. स्क्रिप्ट होकारानंतरच उतरेल अशी बांधावी लागते, नुसता डबा लावून भागत नाही. दुसरी लबाडी म्हणजे 'स्वीकारा' भलंमोठं हिरवं बटण आणि नकार तीन पानं आत. याच कारणासाठी फ्रान्सच्या माहिती संरक्षण संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला. आपल्याकडे कुकीजचा स्वतंत्र कायदा नाही, पण संमती मुक्त, स्पष्ट आणि विनाअट हवी ही अट २०२३ च्या कायद्यातही आहे.

मला विचाराल तर छोट्या कंपनीने पिक्सेल काढूनच टाकावा. टोपलीत काय टाकलंय हे लक्षात ठेवणारी कुकी साइट चालायला लागतेच. राहतं ते फक्त तेवढंच असेल तर पट्टीची भानगडच उरत नाही.

फॉर्म

नाव, मोबाइल, पत्ता, पिनकोड. पेटी पोचवायला एवढं पुरतं. बिल मेलने पाठवणार असाल तर ईमेल. जन्मतारीख ('वाढदिवसाला सवलत देऊ'), व्यवसाय, दुसरा मोबाइल नंबर हे रकाने फॉर्मच्या तयार नमुन्यातून आलेले असतात आणि कोणी ते काढत नाही. कायदा म्हणतो की संमती त्या कामाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती धरली जाते. कायद्यातच दिलेलं उदाहरण आहे: डॉक्टरी सल्ल्याच्या ॲपने फोनमधल्या संपर्कांची यादी मागितली आणि माणसाने हो म्हटलं, तरी ती यादी सल्ल्याला लागत नाही म्हणून तो होकार तिच्यापुरता लागू नाही.

एक रकाना मात्र फार बारकाईने बघण्यासारखा आहे, तो म्हणजे 'डिलिव्हरीसाठी सूचना'. लोक त्यात काय लिहितात? 'दुपारी १२ ते ५ घरी कोणी नसतं, वॉचमनकडे ठेवा.' 'आई एकट्याच असतात, बेल दोनदा वाजवा.' 'गेटचा कोड अमुक.' संपूर्ण डेटाबेसमध्ये घरफोड्याच्या सर्वांत कामाची हीच माहिती, आणि धोरणात तिचा कुठे उल्लेखही नसतो. ही सूचना पेटी पोचली की पुसली गेली पाहिजे, आणि पोचवणाऱ्याखेरीज ती कोणाला दिसता कामा नये. वूकॉमर्समध्ये ती ऑर्डरसोबत कायमची चिकटते, शिवाय ऑर्डरच्या प्रत्येक मेलमध्येही जाते.

दुसरी अडचण भेटीची. हापूसच्या पेट्या भेट म्हणून पुष्कळ जातात. म्हणजे फॉर्म भरणारा एक आणि पत्ता दुसऱ्याचा. त्या दुसऱ्याने तुमची साइट पाहिलेलीही नाही, होकाराचा प्रश्नच येत नाही. तेव्हा त्याचा नंबर पोचवण्यापुरताच वापरायचा. पुढच्या फेब्रुवारीत 'हंगाम सुरू होतोय' हा मेसेज त्याला गेला तर तो उघड गैरवापर. डेटाबेसमध्ये बिलाचा पत्ता आणि पोचवायचा पत्ता वेगळ्या रकान्यांत असतात, पण एक्सेलमध्ये यादी काढताना दोन्हीकडचे नंबर एकत्र होतात आणि मेसेज पाठवणाऱ्या माणसाला फरक कळत नाही. मेसेजची यादी काढताना फक्त ऑर्डर देणाऱ्याचा आणि होकार असलेला नंबर यावा, अशी फिल्टर एकदाच बनवून ठेवावी.

होकाराबद्दल एक गैरसमज आहे. प्रत्येक गोष्टीला चौकोनात खूण मागायची गरज नाही. गिऱ्हाइकाने स्वतःहून, ठरावीक कामासाठी दिलेली माहिती त्या कामासाठी वापरायला कायद्याच्या कलम ७ मध्ये वाट आहे. औषधाच्या दुकानात नंबर देऊन पावती मोबाइलवर पाठवायला सांगणाऱ्या माणसाचं उदाहरण तिथेच दिलंय. पेटी पोचवणं त्यात बसतं. पुढच्या वर्षीची जाहिरात बसत नाही. तिच्यासाठी वेगळा चौकोन हवा आणि तो रिकामा हवा. आधीच खूण करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, असं युरोपच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ लाच सांगून ठेवलंय. आपला कायदाही स्पष्ट होकारार्थी कृती मागतो. आणि होकार जितक्या सहज घेतला तितक्याच सहज तो मागे घेता आला पाहिजे. एका टिचकीने घेतलेला होकार काढून घ्यायला 'कार्यालयीन वेळेत फोन करा' चालणार नाही.

फॉर्मची तांत्रिक बाजू एकदा तपासून घ्याच. फॉर्म पोस्ट पद्धतीने जातो की गेट पद्धतीने? गेट असेल तर भरलेलं सगळं ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत येतं: साइटचं नाव, पुढे प्रश्नचिन्ह, पुढे नाव आणि दहा आकडी नंबर. मग तोच पत्ता सर्व्हरच्या लॉगमध्ये पडतो, फोनच्या हिस्टरीत राहतो, ॲनालिटिक्सकडे जातो (गूगलच्या अटींनुसार तिथे अशी माहिती पाठवायलाच मनाई आहे) आणि गिऱ्हाइकाने लिंक कोणाला पुढे पाठवली तर त्याच्याकडेही. 'ऑर्डर मिळाली, धन्यवाद' या पानाचा पत्ताही बघा. त्यात ईमेल किंवा मोबाइल दिसला की साइट बनवणाऱ्याला त्याच दिवशी फोन करा.

खरी गळती एक्सेल आणि व्हॉट्सॲपमध्ये

हॅकरच्या नावाने सगळे घाबरतात. प्रत्यक्षात माहिती बाहेर जाते ती फार साध्या वाटेने. ऑफिसातून रोज सकाळी ऑर्डरची एक्सेल फाइल निघते आणि पॅकिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते. नाव, पत्ता, नंबर, रक्कम, सूचना, सगळे रकाने तसेच. ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ती उतरते. त्यातली निम्मी माणसं जूनमध्ये दुसऱ्या कामाला जातात, फाइल त्यांच्या फोनमध्ये राहते, फोनचा बॅकअप झाला की तिथेही. मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय लावली तरी आधीच उतरवून ठेवलेली फाइल जात नाही.

पॅकिंगला मुळात काय लागतं? ऑर्डर नंबर, किती डझन, कोणत्या आकाराचं फळ. नाव-पत्त्याची चिठ्ठी छापून पेटीवर चिकटते, तेव्हा ग्रुपवर पत्ता टाकायचं कारणच नाही. टेम्पोवाल्याला त्या दिवसाच्या त्याच्या वाटेची यादी, तीही छापील, संध्याकाळी परत घेऊन फाडायची. कटकट वाटते, पण चार दिवसांत अंगवळणी पडते.

गूगल शीट वापरत असाल तर 'लिंक असलेल्या कोणालाही' ही परवानगी आधी बंद करा. आणि लक्षात ठेवा, शीटमधली ओळ खोडली तरी जुन्या आवृत्त्यांमध्ये ती राहते. हंगाम संपल्यावर ओळी खोडत बसू नका, पूर्ण शीटच काढून टाका आणि कचरापेटीतूनही काढा.

रिफंडचा घोळ असाच. फळं खराब निघाली की ऑफिसातून मेसेज जातो, 'बँक डिटेल्स पाठवा'. मग खाते क्रमांक, आयएफएससी, कधी चेकचा फोटो, कधी न मागता पासबुकाचं पानच ऑफिसच्या फोनवर येऊन पडतं. ऑनलाइन भरलेले पैसे गेटवेतूनच मूळ खात्यात परत पाठवता येतात, बँकेचा तपशील मागायचं कामच नाही. कार्डाचे नंबर साठवायला तर १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेची दुकानदारांना बंदीच आहे.

साइटवर 'आमच्यासोबत काम करा' असं पान असेल तर तेही एकदा उघडून बघा. वर्डप्रेसवर चढवलेली फाइल सहसा अपलोड्सच्या फोल्डरात वर्ष-महिन्याच्या कप्प्यात जाते, आणि तो कप्पा जगाला खुला असतो. कोणाचातरी बायोडेटा, त्यात जन्मतारीख, पत्ता, कधी आधारची प्रत, सरळ गूगलच्या शोधात सापडतो. रोबोट्स फाइलमध्ये (शोधयंत्रांनी कुठे जाऊ नये ते सांगणारी फाइल) त्या फोल्डरला मनाई लिहिणं हा उपाय नाही. रोबोट्स फाइल कोणीही वाचू शकतं, म्हणजे उलट जागा दाखवून दिल्यासारखं होतं. फाइल वेबच्या फोल्डरबाहेर ठेवायची, किंवा सरळ मेलने मागवायची. आधीच गूगलमध्ये आलेली असेल तर गूगलच्या सर्च कन्सोलमधून केलेली ती काढायची विनंती सुमारे सहा महिनेच टिकते. कायमचं काढायचं तर आधी फाइल सर्व्हरवरून जायला हवी.

किती दिवस ठेवायची

'आवश्यक असेल तोपर्यंत' हे शब्द धोरणात वाचले की समजावं, कोणी विचारच केलेला नाही. तारीख लिहावी. बिलांचं बघू. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, पण आमरस, आंबापोळी विकणारी नोंदणीकृत कंपनी असेल तर हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. मे २०२६ चं बिल धरा: आर्थिक वर्ष २०२६-२७, विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२७, म्हणजे बिल ३१ डिसेंबर २०३३ पर्यंत. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी कायद्याने हिशेबाच्या वह्या ८ आर्थिक वर्षं. पण हे झालं बिलाचं. 'बेल दोनदा वाजवा' हे बिलाचा भाग नाही.

बिलाबाहेरच्या ऑर्डरच्या माहितीला पुढच्या वर्षाची ३० जून ही तारीख बरी. हंगाम तोवर आटोपलेला असतो आणि नियमांतली एक वर्षाची किमान मुदतही भरते. वूकॉमर्सच्या 'अकाउंट्स अँड प्रायव्हसी' या सेटिंगमध्ये अपुऱ्या, फसलेल्या, रद्द आणि पूर्ण झालेल्या ऑर्डरींसाठी वेगवेगळी मुदत टाकता येते. रकाने मुळात रिकामे असतात आणि रिकामं म्हणजे कायम. पूर्ण झालेल्या ऑर्डरीतून वूकॉमर्स फक्त नाव-पत्ता पुसतं, विक्रीचे आकडे राहतात. मात्र बिलाची प्रत आधी वेगळी काढून ठेवलेली हवी, नाहीतर ऑर्डरीसोबत बिलावरचं नावही जाईल आणि सीए डोक्याला हात लावेल.

बॅकअप विसरू नका. ३० दिवसांचे बॅकअप फिरते ठेवले तर आज पुसलेली माहिती महिन्याभराने तिथूनही जाते. पण मध्येच साइट बिघडली आणि जुना बॅकअप चढवला, तर पुसलेली माणसं परत येतात. म्हणून पुसलेल्या ऑर्डर नंबरांची एक छोटी यादी बाजूला ठेवायची, त्यात नाव नको, आणि बॅकअप चढवल्यावर तेवढं परत पुसायचं.

'माझी माहिती काढून टाका'

कायद्याची मुख्य कलमं मे २०२७ मध्ये लागू होतील, पण असे फोन आणि मेल आत्ताही येतात. तेव्हा वाट आखून ठेवलेली बरी. वर्डप्रेसच्या टूल्समध्ये 'इरेज पर्सनल डेटा' ही सोय २०१८ पासून आहे. ती ईमेलवर चालते. ज्याने फक्त मोबाइल देऊन फोनवर ऑर्डर दिली तो तिला सापडणार नाही, त्याला ऑर्डरींत हाताने शोधावं लागतं. शिवाय ती फक्त वर्डप्रेसच्या आतलं पुसते. ऑफिसची जीमेल, शीट, व्हॉट्सॲप, मेसेज पाठवणाऱ्या कंपनीकडची यादी, कुरियरचं पॅनेल या सगळ्या जागा कागदावर लिहिलेल्या असतील तर वीस मिनिटांचं काम, नसतील तर निम्मं राहून जातं. कॉन्टॅक्ट फॉर्मचं प्लगइन कोणतं आहे तेही माहीत हवं: कॉन्टॅक्ट फॉर्म ७ स्वतः डेटाबेसमध्ये काही ठेवत नाही, नुसता मेल करतं, सोबत फ्लेमिंगो हे जोडप्लगइन असेल तर ते सगळं साठवतं.

मागणारा खरा तोच का, हे बघायला आधार कार्ड मागू नका. माहिती पुसायला आणखी नाजूक माहिती गोळा करणं हा उरफाटा न्याय झाला. नोंदलेल्या नंबरवर ओटीपी पाठवा, झालं. जे पुसता येत नाही, म्हणजे बिल, ते आणि त्याचं कारण दोन ओळींत कळवा. तक्रार निकाली काढायला नियमांत जास्तीत जास्त ९० दिवस आहेत, पण पेटी विकणाऱ्या कंपनीला आठवड्याच्या वर लागायचं कारण नाही.

फुटलीच तर

माहिती फुटल्याचं सर्ट-इनला ६ तासांत कळवायचं. २०२३ च्या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब, आणि सविस्तर माहिती ७२ तासांत. शिवाय ज्यांची माहिती फुटली त्या प्रत्येकाला. युरोपात धोका मोठा असेल तरच माणसाला कळवावं लागतं. आपल्या कायद्यात अशी चाळणी नाही. सुरक्षेत हयगय केल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये, फुटल्याचं न कळवल्याबद्दल २०० कोटी. छोट्या कंपनीला एवढा दंड होईल असं नव्हे, पण लपवणं महागात पडावं असाच हा बांधलाय.

अशा वेळी साइटवाला घाईघाईने सगळं उडवून वर्डप्रेस नव्याने चढवतो. त्यात लॉग जातात, आणि कोणाची किती माहिती गेली हे मग कधीच कळत नाही. आधी सर्व्हरचा आहे तसा स्नॅपशॉट घ्या, लॉग दुसरीकडे उतरवा, सगळे पासवर्ड बदला, चालू लॉगिन तोडा, मग साफसफाई. आणि हे सगळं व्हायच्या आधी, आजच, वर्डप्रेसमधली ॲडमिनची यादी उघडून बघा. तीन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या फ्रीलान्सरचं खातं तिथे असण्याची शक्यता बरीच आहे. होस्टिंग, कुरियर, मेसेजवाली कंपनी यांच्याशी लेखी करार हवा, कारण त्यांच्याकडून माहिती फुटली तरी कायद्यापुढे उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

आता धोरण लिहा

एवढं केल्यावर फॉर्मखाली टाकायची सूचना साधारण अशी होते:

'पेटी पोचवण्यासाठी आम्ही नाव, मोबाइल, पत्ता आणि पिनकोड घेतो. यातलं नाव, नंबर आणि पत्ता पोचवणाऱ्याला दिला जातो. कार्डाचा नंबर आमच्याकडे येत नाही. पोचवण्याची सूचना पेटी पोचल्यावर पुसतो. बाकी माहिती पुढच्या वर्षी ३० जूनला पुसतो. बिल मात्र कायद्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत ठेवावं लागतं. पुढच्या हंगामाचा मेसेज हवा असेल तरच खालच्या चौकोनात खूण करा. नको झाल्यावर मेसेजमधल्या लिंकवर एकदा दाबा. माहिती बघायला, दुरुस्त करायला किंवा काढायला या नंबरवर अमुक यांच्याशी बोला. त्याने समाधान झालं नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करता येते.'

'अमुक'च्या जागी उत्तर देऊ शकेल अशा खऱ्या माणसाचा संपर्क द्या, कोणी न उघडणारा ईमेल नको. संमती मागताना ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कोणत्याही भाषेत वाचायची सोय गिऱ्हाइकाला द्यावी लागते. म्हणजे मराठीत आणि गोव्याच्या गिऱ्हाइकाला हवी तर कोकणीतही. परदेशातून ऑर्डरी येत असतील तर: जर्मनीतल्या मुलाने पुण्यातल्या आईसाठी अधूनमधून पेटी घेतली एवढ्याने युरोपचा कायदा लागू होत नाही, पण साइटवर भाव युरोमध्ये लावून तिथल्या लोकांना जाहिराती दाखवू लागलात तर होतो.

सूचनेखाली तारीख टाका आणि मजकूर बदलला तरी जुनी प्रत ठेवा. चौकोनात खूण पडली की ऑर्डरसोबत वेळ आणि त्या दिवशीच्या सूचनेचा क्रमांक नोंदला जाईल असं साइटवाल्याला सांगा. वाद झाला तर संमती नीट घेतली होती हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्याने कंपनीवर टाकलीय, गिऱ्हाइकावर नाही.